चेंडूची उडी

गेल्या साली मिरचीची तोडणी चालू होती तेव्हाची गोष्ट. सकाळच्या प्रहरी एक शेतकरी आमच्या ओट्यावर येऊन बसले. गाव शहादे तालुक्यातले. घरची चार एकर जमीन. त्यात मिरची आणि पपई. हे गृहस्थ आमच्या प्रौढ वर्गाचे विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी पाटी हातात धरली, आता जोडाक्षरांसकट वाचतात. सारे गाव त्यांना आप्पा म्हणते. आम्हीही आप्पाच म्हणतो.

आप्पांच्या हातात एक छापील कागद होता.

ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं म्हणतं, मला ॲनिमेशन शिकायचं. शहरात वर्ग आहे. फी ऐंशी हजार. मिरचीवर व्यापाऱ्याकडून उचल घेतो. तुम्ही जामीन राहता का?"

आम्ही कागद वाचला. वर मोठ्या अक्षरांत 'त्रिमिती संगणक ॲनिमेशन' असे छापले होते. खाली लिहिले होते, मुदत सहा महिने. खरे सांगतो, ॲनिमेशन म्हणजे पोरांची कार्टुने, एवढेच आम्हांला ठाऊक होते. ज्या कागदाचा अर्थ कळत नाही त्यावर सही करू नये, असे आम्ही वर्गात रोज सांगतो. मग आम्हीच तशी सही कशी करावी?

आम्ही म्हटले, "आप्पा, एक महिना दम धरा. पोराला रोज पहाटे वाचनालयात पाठवा. तिथे संगणक आहे. तो आणि आम्ही मिळून शिकतो. मग काय ते बोलू."

त्या महिन्यात आम्ही जे शिकलो, ते या पाठात सांगतो.

चित्र कसे हलते?

पडद्यावरचे चित्र हलत नसते. एकामागून एक चित्रे झरझर येतात. प्रत्येक चित्र आधीच्या चित्रापेक्षा किंचित वेगळे असते. आपल्या डोळ्यांना वाटते, चित्र हलले. सिनेमात एका सेकंदाला 24 चित्रे येतात. अशा एका चित्राला चौकट म्हणतात. इंग्रजीत तिला फ्रेम म्हणतात.

ही विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी 1870 साली धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. त्यांनाच आपण दादासाहेब फाळके म्हणतो. 1912 साली ते इंग्लंडात जाऊन कॅमेरा खरेदी करून आले. सिनेमा काढायचा तर मोठे भांडवल हवे. नुसत्या शब्दावर पैसे कोण देणार? फाळक्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा ठेवला. दिवसामागून दिवस ते थोडी थोडी छायाचित्रे घेत गेले. ती चित्रे एका दमात पडद्यावर दाखवली, तेव्हा लोकांच्या डोळ्यांदेखत कोंब फुटला, वेल वर चढली. ते पाहून पैसे लावणारा माणूस मिळाला. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही दिले. मग 3 मे 1913 रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' झळकला. पुढे फाळक्यांनी आगपेटीच्या काड्या नाचवूनही एक लहान चित्रपट केला.

वाचकहो, यातला क्रम ध्यानात ठेवा. आधी वाटाणा, मग मोठे भांडवल. आपल्याला ही गोष्ट पुढे लागणार आहे.

मातीचा बैल

आता त्रिमिती म्हणजे काय ते पाहू.

पोळ्याला आपण भिंतीवर बैलाचे चित्र काढतो. त्या चित्राला लांबी आहे, उंची आहे. पण त्याच्या पाठीमागे जाऊन शेपूट पाहता येत नाही. मातीचा बैल मात्र हातात घेऊन फिरवता येतो. पुढून पाहा, मागून पाहा, पोटाखालून पाहा. त्याला लांबी, रुंदी आणि उंची अशी तीन मापे आहेत. म्हणून तो त्रिमिती.

संगणकातला त्रिमिती बैल हा मातीच्या बैलाचाच भाऊ. फरक इतकाच की तो मातीचा नसून ठिपक्यांचा असतो. ठिपक्याला ठिपका रेघेने जोडायचा. तीन-चार रेघांच्या मध्ये पापुद्रा भरायचा. असे शेकडो पापुद्रे जोडले की बैलाचे अंग तयार होते. मग त्याला रंग द्यायचा. त्यावर उजेड टाकायचा. एका जागी कॅमेरा ठेवायचा. हे सारे संगणकाच्या आतच असते. दिवाही आतला, कॅमेराही आतला.

हे काम करण्याच्या अनेक प्रणाली आहेत. काहींना मोठे भाडे पडते. आम्ही शिकलो ती 'ब्लेंडर'. तिला एक पैसाही पडत नाही. टॉन रूसेंडाल नावाच्या हॉलंडच्या गृहस्थांनी ती घडवली. 2002 साली ती चालवणारी कंपनी बंद पडली. तेव्हा जगभरच्या लोकांनी वर्गणी काढली आणि एक लाख युरो जमवले. त्या पैशांतून ब्लेंडर सोडवून घेतले आणि सर्वांना खुले केले. गावचे देऊळ वर्गणीतून उभे राहते, तशातलीच ही गोष्ट.

2024 साली लाटव्हिया या लहानशा देशातल्या गिंट्स झिल्बालोडिस या तरुण दिग्दर्शकाने 'फ्लो' हा चित्रपट काढला. पुरात सापडलेल्या मांजराची ती कथा आहे. त्यात बोलणे नाहीच. तो ब्लेंडरवर झाला, आणि 2025 साली त्याला ऑस्कर मिळाले. फुकट मिळालेले अवजार हलके असतेच असे नाही.

ब्लेंडर मोबाईलवर चालत नाही. संगणक हवा, त्याची मेमरी निदान आठ जीबी हवी, आणि मध्ये चाक असलेला माऊस हवा. संगणक जुना असेल तर ब्लेंडरची जुनी आवृत्ती घ्यावी. तीही फुकट मिळते.

पहिला धडा

आप्पांच्या पोराला पहिल्याच दिवशी घोडा करायचा होता. सारंगखेड्याच्या यात्रेत पाहिलेला, पांढरा, उधळलेला घोडा. आम्ही विचारले, "बाळ, आपल्या वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवतात? 'ज्ञ' की 'ग'?" पोरगा हसला.

ॲनिमेशनचा 'ग' म्हणजे चेंडूची उडी. जगभरचे शिकाऊ लोक इथूनच सुरुवात करतात.

ब्लेंडर उघडले की समोर एक चौकोनी ठोकळा दिसतो. एक दिवा आणि एक कॅमेराही असतो. ठोकळा पुसून टाकायचा आणि त्या जागी गोळा आणायचा. मग कळफलकावरची चार अक्षरे पाठ करायची. 'जी' दाबले की वस्तू हलते. 'आर' दाबले की वळते. 'एस' दाबले की लहानमोठी होते. 'आय' दाबले की तिची जागा नोंदली जाते. काही चुकले तर 'कंट्रोल' आणि 'झेड' एकदम दाबावे. चूक पुसली जाते. शिकाऊ माणसाला याहून मोठा आधार नाही.

नोंद म्हणजे काय? शेतात सरळ सरी पाडायची असली तर आपण बांधाच्या दोन टोकांना दोन खुंट्या ठोकतो आणि मध्ये दोरी ताणतो. इथेही तसेच. पहिल्या चौकटीत चेंडू वर ठेवला आणि 'आय' दाबले. ही एक खुंटी. तेराव्या चौकटीत चेंडू जमिनीवर ठेवला आणि 'आय' दाबले. ही दुसरी खुंटी. मधल्या चौकटींत चेंडू कुठे असेल ते संगणक ठरवतो. दोरी तो ताणतो. अशा खुंटीला कीफ्रेम म्हणतात.

पंचविसाव्या चौकटीत चेंडू पुन्हा वर नेला, पण पहिल्यापेक्षा थोडा खाली. कारण कोणताही चेंडू टाकला तेवढा परत उसळत नाही.

सगळे झाले. पोराने चेंडू चालवून दाखवला. तो खाली गेला, वर आला. आम्ही टाळी वाजवली. पोरगाही खूश.

संध्याकाळी आप्पा आले. डोक्यावर अजून मिरचीचा खकाणा होता. त्यांनी पडदा पाहिला. पुन्हा चालवायला सांगितला. मग मान हलवून म्हणाले, "गुरुजी, हाऊ चेंडू पाणीमा पडी राह्यना."

म्हणजे, हा चेंडू पाण्यात पडतो आहे.

आम्ही पुन्हा पाहिले. आप्पा खरेच बोलत होते. चेंडू जमिनीजवळ येताना हळू होत होता. जणू तळ्यात बुडत होता. खरा चेंडू असा पडत नाही. तो जमिनीवर आदळतो तेव्हा सर्वांत वेगात असतो. हळू होतो तो वर, उडीच्या माथ्यावर. आमचे सारे आयुष्य शाळेत गेले. पोरगा बारावी शिकलेला. पण चूक दिसली ती आप्पांना. त्यांनी झाडावरून पडणारी पपई रोज पाहिली आहे.

चूक कुठे होती?

चूक संगणकाच्या दोरीत होती. आपण दुसरे काही सांगितले नाही, तर ब्लेंडर प्रत्येक खुंटीशी हळू होते. निघताना सावकाश निघते, पोहोचतानाही सावकाश पोहोचते. दार उघडताना किंवा मान वळवताना ते शोभते. पडत्या चेंडूला शोभत नाही.

आम्ही त्याचे गणित मांडले. चार फुटांवरून चेंडू सोडला तर तो सुमारे अर्ध्या सेकंदात जमिनीला टेकतो. अर्ध्या सेकंदात 12 चौकटी. त्यांचा हिशोब असा पडतो:

3 चौकटी झाल्या, चेंडू 3 इंच खाली.
6 चौकटी झाल्या, 12 इंच खाली.
9 चौकटी झाल्या, 27 इंच खाली.
12 चौकटी झाल्या, 48 इंच खाली. म्हणजे जमीन.

नीट पाहा. पहिल्या तीन चौकटींत 3 इंच. पुढच्या तिनांत 9. मग 15. मग 21. निम्मा वेळ गेला तेव्हा चार फुटांपैकी फक्त एक फूट झाला होता. उरलेले तीन फूट उरलेल्या निम्म्या वेळात. म्हणून वरची चित्रे दाटीवाटीने, खालची लांब लांब.

ब्लेंडरमध्ये चेंडूच्या चालीचा आलेख पाहता येतो. आडवी रेघ वेळेची, उभी रेघ उंचीची. आमच्या आलेखात वरचे वळणही गोल होते आणि खालचेही गोल. पोराने खालच्या खुंटीवर जाऊन 'व्ही' हे अक्षर दाबले आणि 'व्हेक्टर' निवडले. खालचे वळण टोकदार झाले. वरचे गोल राहिले. पुन्हा चालवले. आता चेंडू ठक्कन आदळला आणि उसळला.

आप्पा म्हणाले, "हां! आता पडला."

वाचकहो, संगणक दोरी ताणतो. दोरी बरोबर ताणली की नाही, हे माणसाच्या डोळ्यानेच कळते. तो डोळा शेतात, बाजारात, यात्रेत तयार होतो. तो तुमच्यापाशी आधीच आहे.

वीज गेली तेव्हा

चेंडू तयार झाला. आता त्याची पक्की चित्रे काढायची. संगणक प्रत्येक चौकटीत उजेड कुठे पडतो, सावली कुठे पडते, याचा हिशोब करतो आणि एक एक चित्र काढतो. याला रेंडर म्हणतात. आमच्या संगणकाला एका चित्राला सुमारे एक मिनिट लागत होते. दहा सेकंदांचा खेळ म्हणजे 240 चित्रे. म्हणजे 240 मिनिटे. म्हणजे चार तास.

तीन तास झाले आणि वीज गेली. आम्ही सारा खेळ एकाच फितीत काढायला लावला होता. वीज आली तेव्हा ती फीत उघडेना. तीन तास पाण्यात गेले. पोराचे तोंड एवढेसे झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहाणे झालो. चित्रे सुटी सुटी साठवायला लावली. मग मध्येच वीज गेली तरी झालेली चित्रे शाबूत राहतात. उरलेली पुढे काढायची आणि शेवटी सर्वांची फीत जोडायची. ज्या गावी विजेचा भरवसा नाही तिथे ही रीत कधी सोडू नये.

चेंडूनंतर काय?

चेंडूनंतर झाडावरून गळणारे पान करावे. पान चेंडूसारखे पडत नाही, झोके घेत येते. मग घंटेचा लोलक. मग धान्याचे पोते. पोत्याला तोंड नाही, हात नाहीत. तरी ते दमलेले आहे की आनंदात आहे, हे नुसत्या वाकण्यावरून दाखवायचे. मग माणसाची चाल. घोडा त्याच्याही पुढे.

घोड्याने तर भल्याभल्या चित्रकारांना चकवले आहे. चौखूर धावणाऱ्या घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले, असेच ते पूर्वी काढीत. 1878 साली एडवर्ड मायब्रिज यांनी अमेरिकेत धावपट्टीलगत ओळीने कॅमेरे मांडले आणि धावत्या घोड्याची लागोपाठ छायाचित्रे घेतली. तेव्हा कळले की चारही पाय जमिनीवरून एकदम सुटतात खरे, पण त्या घडीला ते पोटाखाली गोळा झालेले असतात.

आपल्या जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. अक्कलकुव्याकडे काठी गावी होळीला मोरपिसांचे टोप घालून लोक रात्रभर नाचतात. एवढ्या चाली, एवढे ठेके जिथे डोळ्यांसमोर आहेत, तिथल्या पोराने पाहायला शिकावे. निम्मी विद्या तीच आहे.

शिकवणी फुकटही मिळते. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात ब्लेंडरचे पाठ आहेत. ते जुन्या आवृत्तीवरचे आहेत. त्यामुळे काही बटणे आज दुसऱ्या जागी सापडतात. पुढे मोठे शिक्षण घ्यायचे असेल तर अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था आहे, मुंबईच्या आयआयटीचा आयडीसी विभाग आहे. तिथे परीक्षा देऊन प्रवेश मिळतो. हाताने चित्र काढण्याचा सराव त्यासाठी हवाच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शिकला म्हणजे नोकरी लागलीच, असे कोणी म्हणू नये. हे काम बहुतेक मोठ्या शहरांत असते आणि ते मिळवायला कागदापेक्षा केलेले काम दाखवावे लागते.

कागदाचे काय झाले?

महिना संपला. आप्पा, पोरगा आणि आम्ही, तिघे मिळून त्या वर्गात गेलो. जाण्याआधी आप्पांनी वहीत स्वतःच्या अक्षरांत पाच प्रश्न लिहून घेतले:

1. एकूण फी किती? हप्ते कसे? ते लिहून देता का?
2. मध्येच शिक्षण सोडावे लागले तर किती पैसे परत मिळतील?
3. तुम्ही कोणती प्रणाली शिकवता? ती बाहेर फुकट मिळते का?
4. इथे शिकलेल्या मुलांचे काम दाखवाल का? त्यांना भेटवाल का?
5. पोराला एक दिवस वर्गात बसून पाहू द्याल का?

तिथले गृहस्थ गोड बोलले. म्हणाले, "आज सही केली तरच जागा मिळेल." पाच प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर लेखी मिळेना. आप्पांनी अर्ज हातात घेतला. अगदी तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती. आप्पांनी तिच्यावर बोट ठेवले आणि अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचले. "भर-ले-ली फी कोण-त्या-ही का-र-णा-ने प-रत मि-ळ-णार नाही."

खोलीत कोणी बोलले नाही. आप्पांनी अर्ज घडी घालून टेबलावर ठेवला आणि उठले.

सगळेच वर्ग असे असतात, असे आमचे म्हणणे नाही. चांगला मास्तर मिळाला तर वर्षाचे काम महिन्यांत होते. पण मिरची वाळायच्या आत व्यापाऱ्याची उचल डोक्यावर घ्यायची, तर आपण काय विकत घेतो आहोत ते आधी कळले पाहिजे.

पोरगा काही दिवस घुमा होता. मग पुन्हा पहाटे वाचनालयात येऊ लागला. चेंडू झाला. पान झाले. मिरचीचे पोतेही झाले. ते पोते जड आहे, हे पाहताक्षणी कळते. यंदा तो सारंगखेड्याला जाणार आहे. घोडा विकत घ्यायला नव्हे, त्याचे पाय पाहायला. आप्पा म्हणतात, "पाच कामं हातात येऊ दे. मग मी स्वतः त्याला चांगल्या ठिकाणी घेऊन जाईन. लागले तर तेव्हा कर्जही काढीन."

आधी वाटाणा, मग मोठे भांडवल.

करून पाहा

जुन्या वहीची बारा पाने घ्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक चेंडू काढा. पहिल्या पानावर तो वर काढा, शेवटच्या पानावर खाली. वरचे चेंडू जवळ जवळ, खालचे लांब लांब असू द्या. आता अंगठ्याने पाने भरभर सोडा. चेंडू पडताना दिसेल. मग दुसरी बारा पाने घ्या आणि सारखे अंतर ठेवून चेंडू काढा. दोन्हींतला फरक घरच्या माणसांना विचारा.

प्रश्न

1. सिनेमात एका सेकंदाला किती चित्रे येतात?
2. भिंतीवरचा बैल आणि मातीचा बैल यांत फरक काय?
3. आप्पांना चेंडूची कोणती चूक दिसली?
4. पाच सेकंदांच्या खेळाला किती चित्रे लागतील? एका चित्राला एक मिनिट लागले तर एकूण किती तास लागतील?
5. तुमच्या घरी एखादा छापील अर्ज असेल तर काढा. त्याची सर्वांत खालची ओळ मोठ्याने वाचा.